शेवटचं प्रकरण तुझ्या नावावर आहे

नागपूर,
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

सर गेल्याचं सांगायला फोन केला तेव्हा तू नुसतं "हं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी समजलो. तुला बोलता येत नसलं की तू असंच करतोस, हे मला होस्टेलपासून माहीत आहे. पण त्यानंतर इथे जे झालं ते फक्त तुलाच कळेल, आणि फोनवर तू परत "हं" म्हणशील, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तब्येतीचं आधी उरकतो. शुगर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

तेरवी झाल्यावर काकूंनी घरी बोलावून घेतलं. माडीवरच्या खोलीत पलंगाखाली ती हिरवी पत्र्याची ट्रंक अजून होती. काकू म्हणाल्या, "हे तुम्हा पोरांचं आहे, घेऊन जा. पण वर्षश्राद्धाच्या आत याचं पुस्तक झालं पाहिजे." आपण आता पोरं राहिलो नाही, हे त्यांना कोण सांगणार? उघडून पाहिलं तर ट्रंकभर बर्कली, सह्याद्रीतून रेल्वे चढवणारा सरांचा तो इंग्रज इंजिनियर. टोपोशीट म्हणजे डोंगरांचे मोजणी-नकाशे, ट्रेसिंग पेपरवर काढलेले घाटाचे छेद, फूलस्केपवर एकटाकी लिहिलेली प्रकरणं. बिचाऱ्यांनी सगळं हातानं लिहिलंय, आणि खोडलंय ते पण पट्टी लावून. तुला त्यांचं ते पट्टीचं वेड आठवत असेलच.

पुस्तक पुरं आहे, फक्त शेवटचं प्रकरण नाही. त्या पानावर मथळा आहे, 'बर्कलीचा वारसा', आणि खाली लाल शाईनं एकच ओळ: "दिलीपला आधी उत्तर द्यायचं."

त्याखाली सगळं कोरं. मी ट्रंकेतला कागद न् कागद उलटा करून पाहिला, दिल्या. काही नाही.

तू विसरला असशील असं म्हणणार होतो, पण तू कसला विसरतोस. कसाऱ्याची टूर. सर रुळांच्या कडेला उभे राहून हात उंचावून सांगत होते की बर्कलीनं ही रेघ या डोंगरात शोधली. तू मागून विचारलंस, "सर, बर्कलीनं घमेलं उचललं का?" सगळे हसले. सर हसले नाहीत. ते काही बोललेही नाहीत, घड्याळ पाहून म्हणाले, चला, गाडीची वेळ झाली. आणि रात्री मेसमध्ये आपली जी जुंपली! मी म्हणालो, जो नकाशा काढतो त्याचं काम, बाकी हात भाड्यानं मिळतात. तू ताट सरकवून उठलास. पुढे कितीतरी दिवस आपण एका खोलीत राहून बोलत नव्हतो, चहाचे पैसेसुद्धा तू मोजून टेबलावर ठेवायचास. शेवटी रामटेकच्या सर्व्हे कँपमध्ये तू मोजणीच्या खांबावर, रेंजिंग रॉडवर, बनियान वाळत घातलंस आणि सरांनी दुर्बिणीतून पाहून ओरडून विचारलं, "ते कुठलं स्टेशन आहे बे?" तेव्हा हसण्याच्या नादात भांडण मिटलं. म्हणजे बनियानानं मिटलं. प्रश्न तसाच राहिला, आणि आता कळतंय की सर तो आयुष्यभर खिशात घेऊन फिरले.

सरांचा मुलगा अमेरिकेतून म्हणतो, "काका, ती ओळ काढा आणि आहे तेवढं छापा, खर्च मी देतो." भला मुलगा आहे. वडिलांचं पुस्तक हातात यावं एवढंच त्याला वाटतं. काकूंचं पण तेच. आणि माझी झोप उडाली आहे. त्या ओळीशिवाय पुस्तक छापलं तर ते सरांचं राहत नाही. तिच्यासकट छापायचं तर उत्तर हवं, आणि उत्तर देणारा माणूस गेला.

सगळी प्रकरणं वाचून काढली. तुला सांगतो, आपण ज्याच्यावरून भांडलो तो माणूस आपल्याला माहीतच नव्हता. जेम्स जॉन बर्कली, जन्म 1819 चा. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली शिकलेला. 1849 मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि तिशीत मुंबईला आला. 16 एप्रिल 1853 ला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी सुटली, चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, ती त्याच्या रुळांवरून. ते सगळ्यांनाच माहीत असतं, क्विझमध्ये विचारतात. सरांनी त्यावर जेमतेम दीड पान लिहिलंय. ठाण्यापर्यंत जमीन सपाट, थोडी खाडी, त्यात इंजिनियरचा कस लागत नाही, असं त्यांनी सरळ म्हटलंय. खरं पुस्तक ठाण्याच्या पुढे सुरू होतं, सह्याद्री समोर उभा राहतो तिथून.

भोरघाटाच्या प्रकरणात सरांनी एक हिशेब मांडलाय, तो तुला इथे उतरवून देतो, कारण तुला आवडेल. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत चढायचंय 1831 फूट. इंजिनाला सोसेल असा 1:100 चा, म्हणजे शंभर फुटांत एक फुटाचा चढ ठेवायचा म्हटला तर रेघ जवळजवळ 35 मैल लांब होते, आणि ती सगळी त्या काळ्या बेसॉल्टमधून. बर्कलीनं जास्तीत जास्त 1:37 चा चढ घेतला आणि ती रेघ 16 मैलांच्या आत बसवली. तरी वळायला जागा नव्हती, म्हणून एका ठिकाणी उलटफेरीचं स्टेशन. गाडी कड्याच्या टोकापर्यंत जायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि शेपूट पुढे करून उरलेला चढ चढायची. 1929 मध्ये नवे बोगदे होईपर्यंत भोरघाटात हे चाललं. पंचवीस बोगदे खोदले त्या पंधरा-सोळा मैलांत. आणि आपल्या थळघाटातही तोच 1:37, तिथे चढ 972 फुटांचा.

आपला घाट म्हणालो, कारण नागपूरच्या माणसाचा घाट तोच. तू डोंबिवलीला राहून विदर्भ एक्सप्रेसनं येतोस तेव्हा कसाऱ्याला गाडी थांबते, मागून धक्का बसतो, बाटलीतलं पाणी हलतं आणि वरच्या बर्थवरचा माणूस "इंजिन लागलं" म्हणून कूस बदलतो. ती मागून ढकलणारी बँकर इंजिनं इगतपुरीपर्यंत सोबत येतात. का लागतात? कारण 1:37. डिझेल आलं, वीज आली, इंजिनांची ताकद कितीतरी पटीनं वाढली, पण त्या माणसानं आखलेल्या चढापुढे आजही मागून खांदा द्यावाच लागतो. यापुढे तू तो धक्का झोपेत घालवू नकोस.

हे वाचताना मी परत त्या मेसमधल्या बाजूला जाऊन बसलो होतो. म्हटलं, बघ, याला म्हणतात काम. मग पुढचं प्रकरण आलं.

सरांनी ते इतक्या कोरडेपणानं लिहिलंय की वाचवत नाही. भोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. 1861 च्या सुमाराला त्या एका घाटात 42,000 माणसं एकाच वेळी कामाला होती. कड्यावर पाय ठेवायला जागा नाही, तर माणसं वरून दोरानं खाली सोडायची आणि त्यांनी लटकत सुरुंगाची भोकं पाडायची. पटकी यायची आणि छावण्या ओस पडायच्या. पावसाळ्यात काम बंद, म्हणजे मजुरी बंद. पहिल्या कंत्राटदाराच्या, फॅव्हिएलच्या, वेळी उपकंत्राटदारांनी मजुरी थकवली आणि 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला. फॅव्हिएलनं कंत्राट सोडून दिलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्याआल्याच वारला, आणि त्याची बायको अॅलिस हिनं ते कंत्राट आपल्या नावावर घेऊन घाट पुरा करवला. तिचं नाव तरी कागदावर आहे. पारशी कंत्राटदार जमशेटजी दोराबजींनी जीआयपीची कामं घेतली, त्यांचंही आहे. त्या 42,000 पैकी कोणाचं आहे? सरांनी समासात पेन्सिलीनं लिहिलंय, "हजेरीपत्रकं कुठे असतील?" आणि पुढे निरनिराळ्या ठिकाणांना पाठवलेल्या पत्रांच्या नकला लावल्यात. उत्तरं एकाचीही नाहीत.

सर हे करत होते, दिल्या. आपल्याला वाटायचं ते नुसते बर्कलीचे भक्त.

बर्कली स्वतः घाट उघडलेला पाहू शकला नाही. तब्येत पार खालावून 1861 मध्ये विलायतेला परतला आणि 25 ऑगस्ट 1862 ला गेला, वय बेचाळीस. भोरघाट उघडला 1863 मध्ये, थळघाट 1865 मध्ये. नागपूरला गाडी आली 1867 मध्ये. भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत रूळ आपल्याकडे सरकत होते तेव्हा तो मातीत होता. आणि त्याच 1867 च्या पावसाळ्यात भोरघाटातला महूकी मळीचा पूल कोसळला, गाडी जाऊन थोडाच वेळ झाला होता. चौकशीत दगडकाम कच्चं निघालं. सरांनी ते लपवलेलं नाही. त्यांनी लिहिलंय की आखणी बर्कलीची होती तशी देखरेखही त्याच्याच खात्याची होती, आणि पुलाचा दगड बसवणाऱ्या गवंड्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. मला वाटतं ही ओळ तुझ्यासाठी आहे. पण उत्तर नाही, उत्तराची पहिली पायरी आहे.

आता मला काय वाटतं ते सांगतो, आणि तू मधे बोलायचं नाहीस. पत्राचा तेवढा फायदा.

आपण दोघं मेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी समजून भांडत होतो. एकीकडे रेघ, एकीकडे घमेलं. सरांच्या हिशेबाचं पान मी पुन्हा पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दोन्ही एकच आकडा आहे. 1:37 लिहिलं की त्याच क्षणी ठरतं किती दगड फुटणार, किती बोगदे, कड्याच्या कोणत्या बाजूनं, म्हणजेच किती माणसं किती उंचीवर किती हंगाम लटकणार. 1:100 लिहिलं असतं तर दुप्पट लांबीचा डोंगर फोडावा लागला असता, माणसं आणखी गेली असती, गाड्या मात्र सोप्या चढल्या असत्या. बर्कलीनं चढ कडक ठेवला, त्यामुळे तेव्हाचं खोदकाम कमी झालं आणि इंजिनांवरचा भार कायमचा वाढला. हे त्यानं माणसांसाठी केलं असं मी म्हणत नाही, पैशासाठी आणि वेळेसाठीच केलं असणार. पण कागदावरची रेघ म्हणजे माणसांच्या हाडांचा हिशेब असतो, हे आपल्याला कोणत्या पेपरात विचारलं? ग्रेडियंटचं सूत्र विचारलं, वळणावर चढाला सवलत किती द्यायची ते विचारलं. मी पुढे नोकरीत कितीतरी रस्त्यांच्या आखण्या केल्या. त्या प्रत्येक रेघेवर कोण राबलं ते मी आज तुला सांगू शकत नाही, आणि हे मला आता फार लागतंय.

म्हणून त्या प्रकरणाचं नाव 'वारसा' राहू दे, पण ते चढापासून सुरू व्हावं आणि त्यात बर्कली आणि तुझ्या प्रश्नातलं घमेलं एकाच परिच्छेदात यावं. मुलगा म्हणतो तसं वेगळं 'कामगारांना अर्पण' वगैरे पान नको. अर्पणपत्रिकेत टाकलं की माणसं पुस्तकाबाहेर जातात.

वारशाच्या दुसऱ्या धाग्यासाठी सरांचा मसाला तयार आहे. पहिल्या तासाला दरवर्षी सांगायचे तो. बर्कलीच्या नावानं मुंबई विद्यापीठात इंजिनियरिंगला पारितोषिक ठेवलं गेलं, आणि 1883 मध्ये पुण्याच्या कॉलेजातून पहिला येऊन ते मिळवलं विश्वेश्वरय्यांनी. तेच विश्वेश्वरय्या, ज्यांच्या नावाच्या कॉलेजात 1960 पासून आपल्यासारखी विदर्भातली पोरं ड्रॉइंग बोर्ड खांद्यावर टाकून जात आली. व्हीआरसीईचं व्हीएनआयटी झालं, गेटवरची पाटी बदलली, आत शिकणाऱ्या एकाही मुलाला बर्कली माहीत नाही. मागच्या महिन्यात मी तिथल्या एका पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ते कॅलिफोर्नियात आहे ना?" हसलो, पण घरी येईपर्यंत मन खट्टू होतं.

आणि कापूस. अमेरिकेत युद्ध पेटलं, 1861 ते 65, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडावर. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला गंगेकाठी जायचा. रूळ आले, 1877 च्या एक जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, अर्ध्या नागपूरच्या घरात भोंग्यावर चूल पेटू लागली. तुझ्या मामाचं घर त्यातलंच. मिल गेली, तिथे मॉल आहे, आतला एसी इतका की स्वेटर लागतो. सरांनी हे प्रकरण रंगवून लिहिलंय, पण मी त्यात फार रमलो नाही. रेल्वेनं कापूस नेला हे सगळेच सांगतात. कोणाचा नेला, कोणत्या भावानं, हे वेगळं पुस्तक आहे आणि ते सरांचं नव्हतं.

आता खरी गोष्ट. हे प्रकरण मी लिहू शकत नाही, तू लिही.

"काऊन बे, माझ्या बोकांडी काऊन?" म्हणशील. कारण तुझे आबा. रुळांची देखभाल करणारी भिवापूरची गँग. तूच सांगायचास की पहाटे कीमन हातोडा आणि पाना घेऊन निघायचा, रुळावर ठोका मारून आवाजावरून ओळखायचा कुठली चावी ढिली झालीय. उन्हाळ्यात रूळ ताणायचा तेव्हा आबा दुपारी जेवण सोडून लाइनवर जायचे. पावसात रात्रभर कंदील घेऊन मोरीपाशी बसायचे, पाणी किती चढतं पाहत. मला ते सगळं तेव्हा गप्पांसारखं वाटायचं. आता वाटतं, बर्कलीची रेघ एकशे सत्तर वर्षं जागेवर धरून ठेवली ती अशा माणसांनी. आखणारा गेला, बांधणारे गेले, पण खडी रोज कोणीतरी बीटरनं ठोकली म्हणून ती टिकली. घाटात आजही पावसाळ्यात दरडीवर नजर ठेवायला माणसं रात्री चालतात. हे सरांना माहीत होतं, पण घरातून माहीत नव्हतं. तुला घरातून माहीत आहे.

आणि आबांची ती नागपूर-नागभीड नॅरोगेज पण संपली. 1908 ची लाइन, 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली, ब्रॉडगेज करायची म्हणून. रूळ उचलायला लागले तेव्हा मी मुद्दाम उमरेडपर्यंत जाऊन आलो. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट काढून ढीग घातले होते. एका ठिकाणी जुना मेट, गँगचा मुकादम, उभा होता, निवृत्त, धोतर-टोपी, नुसता बघायला आलेला. त्यानं मला बोट दाखवून सांगितलं की इथल्या वळणात बाहेरच्या रुळाला सव्वा इंची उंची द्यावी लागायची, पुस्तकात कमी आहे पण गाडी कमीला खूश नसायची. ते कोणत्याही नोंदवहीत नसणार. नव्या लाइनला ते वळणच नाही. मी तुला त्या दिवशीच लिहायला हवं होतं, पण तेव्हा तुझी धावपळ चालली होती म्हणून राहिलं.

तुझं कसं काय? प्राजूचं ठरलं हे हिच्याकडून कळलं, मुलगा नाशिकचा ना? छान. घाटाच्या वरचा जावई मिळवलास. वहिनींच्या पाठीचं काय झालं? तू सोसायटीचा सेक्रेटरी झालास म्हणे, म्हणजे पार्किंगवरून सगळ्यांशी वाकडं घेतलं असशील. बस, तुझं एवढंच, बाकी भेटीत.

तर ये. दिवाळीच्या आधी ये, कारण दिवाळीत सरांचा मुलगा येतो आहे आणि त्याच्यापुढे आपल्याला लिहिलेली पानं ठेवायची आहेत, नुसता युक्तिवाद नाही. आबांची ती डायरी, ज्यात ते पगाराच्या तारखा आणि पाऊस लिहायचे, ती तुझ्याकडे असेल तर आण. तुझ्या धाकट्या भावाकडे असेल तर त्याच्याशी या निमित्तानं बोल. बांधाचं भांडण किती वर्षं चालवणार? सरांची टोपोशीट, छेद सगळं मी टेबलावर लावून ठेवलंय, तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय. सकाळी तर्री पोहे खाऊन लिहायला बसू, दुपारी तू झोपायचं नाहीस. तू हाडाचा आळशी आहेस पण एकदा बसलास की उठत नाहीस, हे मी परीक्षांच्या वेळी पाहिलंय.

आणि तुझं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं असेल, 1:37 वगैरे सगळी पळवाट वाटत असेल, तर तसंच लिही. मी खोडणार नाही. सरांनी उत्तर तुला द्यायचं म्हटलं होतं, ते तुला पटलं पाहिजे, मला नव्हे. फक्त बर्कलीला हाणायचं म्हणून हाणू नकोस. बेचाळीसाव्या वर्षी गेलेला माणूस आहे, आपल्या दोघांची मुलं आज त्याच्याएवढी आहेत.

काकूंना मी अजून काही बोललो नाही. मुलाला म्हटलंय, प्रेसला जायला थोडा वेळ लागेल, एक प्रकरण यायचं आहे. कोणाकडून येणार ते त्यानं विचारलं नाही. तू हो म्हणालास की दोघांना सांगतो.

फोन करू नकोस, लिहून कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. कसाऱ्याच्या टूरचा ग्रुप फोटो पण ट्रंकेत निघाला. मागे सरांनी सगळ्यांची नावं लिहिलीत. तू त्यात डोळे मिटून उभा आहेस. प्रत काढून ठेवलीय, आलास की घेऊन जा.